सरड्याची पेटी आणि भिंतीवरच्या फुल्या

माझा धंदाच संशयाचा. रेल्वेत टीसी म्हणून काळ्या कोटात आयुष्य गेलं. डब्यात शिरलं की माणसाच्या चेहऱ्याकडं नाही, हाताकडं बघायचं, हे मी नव्या पोरांनाही शिकवत आलो. चेहऱ्याला खोटं बोलायची सवय असते, हातांना नसते. ज्याच्याकडं तिकीट नाही तो खिसे चाचपतो, बॅगेची चेन उघडतो, लावतो, पुन्हा उघडतो. आणि आणखी एक जात असते, जास्त बेरकी. मी मागायच्या आत तिकीट पुढं करणारी. तिच्याकडं दोनदा बघायचं. गाडीत हे मला कुणी सांगावं लागत नसे, घरात मात्र मी एकदाच बघितलं.

माझ्या निवृत्तीला दोन-तीन महिने उरले होते तेव्हाची गोष्ट. जयपुरात थंडी सुरू झाली होती. आमची मुलगी एकुलती एक, सी-स्कीममधल्या एका आयटी कंपनीत आहे. आठवड्यातून एखाद-दोन दिवस ऑफिसात जाते, बाकी घरात बसून लॅपटॉपशी बोलते. त्या संध्याकाळी ती आली तीच छातीशी प्लॅस्टिकचा डबा धरून. झाकणाला भोकं पाडलेली. असला डबा मी शंभर पावलांवरून ओळखतो. लोक त्यातून पोपट नेतात, कोंबडीची पिलं नेतात, आणि विचारलं की घरचा नाश्ता आहे म्हणून सांगतात. मी म्हटलं, उघड. तिनं उघडला. आत दीड वीत लांबीचा, मातकट पिवळा सरडा बसला होता. डोकं तिकोनी, पोट चपटं, गळ्याभोवती काटेच काटे. त्यानं मान तिरकी केली आणि एका डोळ्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत तपासलं. इतक्या संशयानं माझ्याकडं तोवर कुणी बघितलं नव्हतं.

बायको स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच आली आणि तिनं अशी किंकाळी फोडली की समोरच्यांचं दार उघडलं. एक तर हा राहील नाहीतर मी, असं तिनं जाहीर करून टाकलं. मला बरं वाटलं. म्हटलं, निकाल लागला, आपल्याला वाईटपणा घ्यायलाच नको.

मुलीचं म्हणणं असं, की ऑफिसातली एक मैत्रीण परदेशी चालली आहे आणि हा तिचा पाळलेला प्राणी. मूळचा ऑस्ट्रेलियातला, बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात, म्हणजे दाढीवाला. आपल्या घोरपडीसारखी याला पाळायची बंदी नाही, फक्त सरकारदरबारी नोंद करावी लागते, ती झालेली आहे आणि आता हिच्या नावावर होईल. मी उलटतपासणी सुरू केली. मैत्रीण कुठं चालली, कधी चालली, तिच्या आईवडलांकडं का नाही ठेवला. पोरीनं सगळ्याची उत्तरं धडाधड दिली, एकदाही अडखळली नाही. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. खरं बोलणारा माणूस कुठंतरी अडखळतोच. नोंदसुद्धा व्यवस्थित निघाली, त्यामुळं तर मी आणखीच सावध झालो.

संशयाला कारण होतं. फेब्रुवारीअखेर मी सुटणार होतो, आणि सुटलो की आम्ही तिघांनी भुसावळला जायचं हे पक्कं होतं. तिथं घर बांधून तयार होतं, रंग तेवढा राहिला होता. धाकटा भाऊ त्याच गल्लीत, शाळेपासूनचे मित्र कोपऱ्यावर, मुलीचं काय, लॅपटॉप उघडला की तिचं ऑफिस. जगतपुऱ्यातला हा फ्लॅट मुलीच्या नावानं घेतलेला, तो भाड्यानं द्यायचा. सगळं जुळून आलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गावी दुसऱ्यांची तिकिटं बघितली, आता आपल्या गावी आपल्या ओट्यावर बसायचं, एवढीच माझी इच्छा होती. आणि नेमक्या त्याच वेळी घरात जिवंत प्राणी यावा, तोही असा की ज्याला चोवीस तास ऊब पाहिजे, दिवा पाहिजे, आणि जो रात्रभराच्या प्रवासात काकडून मरेल! याचा अर्थ न कळायला मी दुधखुळा नाही. घरात कुणीतरी खुंटा ठोकत होतं. पोरीला जयपूर सोडायचं नाही, हे उघड होतं. कुणीतरी मुलगा असणार, हेही मी मनाशी धरून चाललो.

त्या किंकाळीनं आलेल्या समोरच्या भाभीजींनी डब्यात डोकावलं आणि त्या दोन पावलं मागं सरल्या. "ये तो गोयरा है," म्हणाल्या. इकडं घोरपडीच्या पिलाला गोयरा म्हणतात, आणि त्यानं नुसती फुंकर मारली तरी माणूस जागेवर आडवा होतो अशी लोकांची खात्री आहे. बातमी खाली गेली. वॉचमननं आमच्या मजल्यावर यायचं बंद केलं. लिफ्टमध्ये लोक आमच्या पिशव्यांकडं बघू लागले, भाजीच्या पिशवीत जरा काही हललं की भिंतीला चिकटू लागले. मला तो प्राणी नकोच होता, पण सोसायटीच्या सेक्रेटरीपुढं उभं राहून, साहेब विषारी नाही हो, परदेशी आहे, चांगल्या घरचा आहे, असं सांगायची पाळी माझ्यावरच आली. ते ऐकून घ्यायचे आणि माझ्या हातांकडं बघायचे. मला फार राग यायचा.

आता त्याच्या घराचं. मैत्रिणीकडची काचेची टाकी त्याला पुरत नव्हती म्हणे. मुलीनं सांगितलं, प्लायची पेटी करायची, चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच, पुढं सरकत्या काचा. मी म्हटलं, एवढ्या जागेत आम्ही नवरा-बायको संसार करत होतो. ती म्हणाली, त्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. एक टोक कडक गरम लागतं, दुसरं थंड, म्हणजे त्याला पाहिजे तसं तो सरकतो. मी विचारलं, भुसावळच्या ट्रकात मावेल का ही पेटी? ती म्हणाली, "बघू." हा शब्द मी स्वतः आयुष्यभर वापरला आहे. त्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको.

मग मीही माझा डाव टाकला. आमच्या घरात एक शिस्त आहे, बदल्यांतून आलेली. कुठलंही फर्निचर चिकटवून करायचं नाही, नट-बोल्टवर करायचं. पलंग, कपाट, देवाचं फडताळसुद्धा खोलता येतं, आणि प्रत्येक जोडाला आतल्या बाजूनं रंगाचा ठिपका असतो, म्हणजे नव्या गावी जोडताना घोळ होत नाही. भिंतीला खिळा तर नाहीच नाही. क्वार्टर जसं मिळालं तसं परत करायचं. त्यामुळं आमचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला, आरसा टेबलावर, आणि लग्नाचा फोटो लोखंडी ट्रंकेवर भिंतीला टेकवलेला. हा फ्लॅट स्वतःचा असूनही मी इथं तीच शिस्त ठेवली होती. भाडेकरूला कोऱ्या भिंती दाखवलेल्या बऱ्या. सरड्याची पेटीही मी नट-बोल्टवरच करायला सांगितली. बघू म्हणणाऱ्यांनी बघावं, पेटी अर्ध्या तासात खोलून ट्रकात जाईल.

सुताराला मी कपड्यांची पेटी आहे म्हणून सांगितलं होतं, उगाच पुन्हा गोयऱ्याचं प्रकरण नको. त्यानं मागच्या फळीला हवेसाठी भोकं पाडली, बाजूनं वायरीसाठी भोक पाडलं, आणि मग शांतपणे विचारलं, "बाबूजी, मतलब कपड़ों को साँस भी लेनी है?" त्यानंतर तो पेटीच्या जवळ जरा जपूनच उभा राहायचा.

एका रविवारी आम्ही बापलेकीनं पेटी मांडली. मला वाटलं होतं, राजस्थानात याच्या घरात घालायला वाळूला काय तोटा. पण मुलगी म्हणाली, वाळू नको, खाताना पोटात जाते आणि आतडं तुंबतं. मग फरशीवाल्याकडून कोट्याच्या फरशीचे उरलेले तुकडे आणले आणि तळाला बसवले. एका टोकाला वरून दिवा, दिव्याखाली चपटा दगड, दगडावर हा तापत बसणार. दुसऱ्या टोकाला अर्धा फोडलेला माठ उपडा, त्यात हा लपणार. मधे वाळकी फांदी. दोन्ही टोकांना दोन थर्मामीटर, आणि उष्णता फार झाली की दिवा आपोआप बंद करणारं एक यंत्र. शिवाय एक लांब नळीचा दिवा, त्यातून उन्हातले किरण निघतात म्हणे, आणि ते काचेतून पलीकडं जात नाहीत म्हणून तो पेटीच्या आतच लावायचा. यावर माझा बिलकूल विश्वास बसला नाही. ज्या शहरात आठ महिने लोक ऊन चुकवत भिंतीकडेनं चालतात, तिथं मी दुकानातून ऊन आणलं होतं. पण दिवा लागला आणि तो हळूहळू दगडावर चढला, अंग पसरून चपटं केलं, तोंड किंचित उघडं ठेवलं आणि डोळा मिटला. मुलगी म्हणाली, आता त्याला बरं वाटतंय. मी म्हटलं, वाटू दे.

वायर लावायला पलंगाखाली, दारामागं वाकत होतो तेव्हाच मला पहिली फुली दिसली. बाहेरच्या दारामागं, भिंतीवर, पेन्सिलनं काढलेली, अगदी बारीक. मग हॉलमधे सोफ्याच्या वर एक. स्वयंपाकघरात ओट्याजवळ एक. झोपायच्या खोलीत खिडकीशेजारी एक. माझं डोकं चालू झालं. चोर घराला खुणा करून ठेवतात असं ऐकलं होतं, पण चोर आत येऊन खुणा कशाला करील? मग वाटलं, पोरीनं कुणाला तरी घर दाखवलंय. कोण काय कुठं लावणार, इथपर्यंत मजल गेलीय. दारामागची फुली मी ओल्या बोटानं पुसून टाकली. दोन-चार दिवसांनी बघतो तर परत तिथंच, त्याच उंचीवर. मुलीला विचारलं, तर ती लॅपटॉपवरून हात न उचलता म्हणाली, कसल्या फुल्या? हात स्थिर होते. बायको मात्र त्या रात्री जेवताना आपणहून म्हणाली, की भिंतीवर काही खुणा दिसल्या तर त्या रंगवाल्याच्या असतील, लोक कामं अशीच अर्धवट टाकून जातात. मी मान हलवली आणि आमटी वाढून घेतली.

पेटी ठेवली होती दोन ट्रंकांवर, हॉलमधे, बाल्कनीच्या दारासमोर. तिथं सरड्याचं बिनसलं. येता-जाता कुणी जवळून गेलं की त्याची दाढी काळी ठिक्कर पडायची आणि तो माठात घुसायचा. संक्रांत जवळ आली होती, गच्चीगच्चीवर पतंग. बाल्कनीतून एखाद्या पतंगाची सावली फरशीवर सरकली की हा पोट जमिनीला चिकटवून मेल्यासारखा पडायचा. त्यानं खाणं सोडलं. शेपटीच्या बुडाशी हाडं दिसायला लागली, कातडी ढिली पडली. मानसरोवरला एका प्राण्यांच्या डॉक्टरकडं नेला. त्यांनी तोंड उघडून, पोट दाबून बघितलं आणि सांगितलं, आजार काही नाही, घाबरलाय. वरून जे येतं ते याच्या लेखी घारच. पेटी माणसाच्या छातीच्या वर न्या आणि आतल्या भिंतीला लावा, जिथं सावल्या पडत नाहीत. असाच राहिला तर फार दिवस काढणार नाही, असंही ते म्हणाले. घरी येताना गाडीत डबा माझ्या मांडीवर होता. तो आतून झाकणाला नखं लावत होता.

मी तोडगा काढला, लोखंडी घडीचं स्टँड आणू, उंच. त्यावर बायको ताडकन म्हणाली, स्टँड हलेल, फरशीची पेटी केवढी जड आहे, भिंतीत ब्रॅकेट ठोकून घ्या. मी बघतच राहिलो. एक तर हा नाहीतर मी म्हणणारी बाई ती हीच. पण मग माझ्या लक्षात आलं, की काही दिवसांपासून लाल भोपळा नखाएवढा बारीक चिरून पेटीत जातोय तो तिच्याच हातचा. शेवग्याचा कोवळा पाला भाजीवाल्याकडून तीच आणते. त्याच्या खाण्याचे डब्यातले किडेसुद्धा तीच द्यायची, चिमट्यानं, तोंड दुसरीकडं फिरवून, आणि वर म्हणायची, खा रे बाबा, माझ्याकडं बघू नकोस. मला वाटलं, बायकांचा जीव हळवा, दुखणाईत प्राणी बघून पाझरली. भिंतीत ब्रॅकेटचं मात्र मी साफ नाकारलं. महिन्यावर जाणं आलं आणि आता भोकं पाडायची?

संक्रांतीच्या संध्याकाळी मुलगी बाल्कनीत कुणाचा तरी अडकलेला मांजा सोडवत होती. मी ठरवूनच गेलो. विचारलं, मुलगा कोण आहे? ती आधी हसली, मग तिला दिसलं की मी खरंच विचारतोय. कुणी मुलगा नाही, म्हणाली. मी म्हटलं, मग हे सगळं कशाला, सरळ सांग की तुला भुसावळला यायचं नाही. मी तिच्या हातांकडं बघत होतो. ती मांजाची गाठ शांतपणे उकलत होती, बोटं जराही घाईत नव्हती.

"बाबा, मला कुठंही चालतं," ती म्हणाली. "भुसावळ काय, जळगाव काय. तुम्ही चुकीच्या माणसाला विचारताय."

मी आत आलो. बायको ओट्याशी उभी राहून भोपळा चिरत होती. इतक्या वर्षांत त्या हातांकडं मी संशयानं कधी बघितलं नव्हतं, गरजच पडली नव्हती. मी नुसता दारात उभा राहिलो. सुरी थांबली. मग तिनं भोपळ्याची एकच फोड पुन्हा पुन्हा चिरायला घेतली, पार लगदा होईपर्यंत. मी म्हटलं, फुल्या तुझ्या आहेत. ती म्हणाली, हो.

मग सगळं बाहेर आलं. प्राणी आणायला तिनंच मुलीला सांगितलं होतं. तिच्या मनात मासे होते. मोठी काचेची टाकी, एकदा पाण्यानं भरली की कुणाचा बाप हलवू शकत नाही. पोरीला मैत्रिणीचा हा आयता मिळाला, तिला वाटलं काम भागलं. ती किंकाळी खरी होती, त्यात नाटक नव्हतं. मासे म्हणून सांगितले आणि घरात राक्षस आला, असं बायको म्हणाली. मला हसू आलं, आणि पुढं काय येणार ते कळून ते तिथंच थांबलं. मी म्हटलं, मग मला सरळ सांगायचं ना.

"काय सांगू?" ती म्हणाली. "बदलीचा हुकूम तुमच्या नावानं यायचा आणि ट्रंका मी भरायचे. त्याचं काही नाही, सरकारचा हुकूम होता. आता हुकूम कुणाचा आहे?"

मी म्हटलं, भुसावळ आपलं गाव आहे. ती म्हणाली, तुमचं आहे. तिचं माहेर वणीकडं, भुसावळला ती लग्नानंतर राहिली ती जेमतेम एक उन्हाळा. तिथं भाऊ माझा, मित्र माझे, ओटा माझा. ती सुरी धूत बोलत होती, आवाज चढवला नाही. इथं एक भाजीवाला आहे, तो तिच्यासाठी शेवग्याचा पाला बाजूला काढून ठेवतो. बागेत सकाळच्या चार बायका आहेत, एक दिवस गेली नाही तर फोन करतात. एवढं व्हायला तिला प्रत्येक गावात दोन वर्षं लागतात, म्हणाली, आणि एवढं झालं की हुकूम येतो. आता पुन्हा नव्यानं ओळखी करायची ताकद नाही. तुम्ही जा, मी अधूनमधून येत जाईन.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. फसवणूक झाली म्हणून राग आला, आणि त्याहून जास्त म्हणजे, तुम्ही जा, हे तिनं इतक्या सहज म्हटलं म्हणून आला. ते वाक्य तिनं किती दिवस मनात घोळवलं असेल, कुणास ठाऊक. भीतीही वाटली. भुसावळच्या ओट्यावर मी बसलोय हे चित्र मी हजारदा बघितलं होतं, पण त्या चित्रात आतून चहा आणून देणारं माणूस असायचंच, ते मी कधी वेगळं धरलं नव्हतं. आम्ही दोघं बोलेनासे झालो. जेवण वेळेवर, चहा वेळेवर, बोलणं पोरीमार्फत. पोरगी दोघांकडं आळीपाळीनं बघायची आणि लॅपटॉपमधे डोकं घालायची.

आणि तो पेटीत वाळत चालला होता. एका सकाळी मी ड्युटीवर निघताना बघितलं, दिवा लागलेला होता तरी तो दगडावर चढला नव्हता. अर्ध्या वाटेवर, फरशीवर, हनुवटी टेकून पडला होता. दिवा समोर दिसत होता, तिथवर जायचं त्राण नव्हतं, की भीती सुटत नव्हती, मला कळलं नाही. मी काच सरकवली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला हातात घेतला. खरखरीत, थंडगार. त्यानं सुटायची धडपडसुद्धा केली नाही. मी त्याला दगडावर ठेवलं आणि जिन्यातूनच सुताराला फोन लावला. भोकं पाडायचं मशीन घेऊन या म्हटलं, भिंतीचं काम आहे. हे सगळं मुक्या जनावराच्या जिवासाठी आहे, भुसावळचा याच्याशी काही संबंध नाही, असं मी स्वतःला स्टेशनापर्यंत बजावत गेलो.

संध्याकाळी सुतार आला. आतल्या भिंतीवर, जिथं बाल्कनीचा उजेड पोचत नाही, तिथं त्यानं ब्रॅकेटची जागा आखली. आमच्या घरात भिंतीला मशीन लागताना मी पहिल्यांदा बघत होतो. घुर्रकन आवाज झाला आणि पांढरी भुकटी फरशीवर पडली. बायको झाडू घेऊन बाजूला उभी होती. आम्ही चौघांनी मिळून पेटी उचलून ब्रॅकेटवर ठेवली, तेव्हा सुताराला आत कोण आहे ते अखेर नीट दिसलं. त्याच्या बाजूचं टोक किंचित खाली झालं. दिवा लावला. आता सरडा आमच्या डोळ्यांच्या उंचीवर होता. बराच वेळ तो माठातून बघत राहिला. मग बाहेर आला, फांदीवर पाय ठेवला, दगडावर चढला, आणि त्याची दाढी पिवळीच राहिली. मुलीनं भोपळ्याचा एक तुकडा पुढं धरला. त्यानं मान तिरकी करून तपासला आणि खाल्ला. बायकोनं पदरानं डोळे पुसले, भुकटी गेली म्हणाली.

सुतार मशीनची वायर गुंडाळू लागला. तेव्हा बायको त्याला म्हणाली, "भैया, मशीन अभी मत रखिए."

ती पुढं, तो मागं, आणि त्याच्यामागं मी. सोफ्यावरची फुली लग्नाच्या फोटोची निघाली. स्वयंपाकघरातली कॅलेंडरची. खिडकीशेजारची आरशाची, आजवर मी वाकून दाढी केली ते तिला दिसत होतं. प्रत्येक ठिकाणी ती बोट ठेवायची, बाजूला व्हायची आणि भुकटी झाडायची. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. मीही थांबवलं नाही. कोणती फुली कशाची आहे हे मला आता एकेक कळत होतं, आणि प्रत्येक भोकाबरोबर माझं भुसावळ थोडं थोडं लांब जात होतं. शेवटी ती बाहेरच्या दारामागं गेली. तिथली फुली तिच्या उंचीची नव्हती, चांगली वर होती. तीच फुली, मी ओल्या बोटानं पुसलेली आणि परत काढलेली.

"ही कशाला?" मी विचारलं. त्या सगळ्या दिवसांत मी तिच्याशी पहिल्यांदाच सरळ बोललो.

"तुमच्या काळ्या कोटाला."

मी म्हटलं, पुढच्या महिन्यात तो कोट उतरतोय, मग खुंटी कशाला?

"म्हणूनच," ती म्हणाली. "उतरवून ठेवायला जागा नको का?"

सुतार मशीन धरून आम्हा दोघांकडं बघत होता. यहीं लगाऊँ क्या, त्यानं मला विचारलं. मी फुलीकडं बघितलं आणि त्याला सांगितलं, जरा वर घ्या, कोट लांब आहे.